सावलीच्या बाजूने

थर्झा मॅडॉक्सला कुणी "बिचारी" म्हटलेलं खपत नसे. आजही आमच्या खोऱ्यात कुणी "बिचारी विधवा, दोन लेकरं घेऊन एवढ्या लांब आली" असं सुरू केलं, की आमच्या घरातलं कुणीतरी मुद्दाम खाकरतं. बोलणारा शहाणा असेल तर तिथेच विषय बदलतो. बिचारी कसली! चार बैल, दोन पोरं आणि एक सासू घेऊन ती बाई दोन हजार मैल चालत आली. त्यातली सासू हाकायला सगळ्यात अवघड होती, हे तिचंच म्हणणं.

बिचारी ती एकदाच होती, सात वर्षांची असताना. इंडियानात तिचा बाप ओंडक्याखाली सापडून मेला आणि आई त्याच हिवाळ्यात तापाने गेली. तेव्हाची रीत अशी, की बापामागे उघडी पडलेली पोरं काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीचे, लोक कुणाच्या तरी घरी कामाला बांधून देत. मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत, मुलगी अठराव्या. कागदावर शब्दच तो होता, "बांधून दिली". आई जिवंत असली तरी तिला कुणी विचारत नसे. बाईच्या नावावर जमीन नाही, म्हणजे पोरं पोसायची ऐपत नाही, असा सरळ हिशेब.

थर्झाला एका कातडी कमावणाऱ्याच्या घरी बांधून दिलं. तिला एनॉस नावाचा चार वर्षांचा भाऊ होता, त्याला दुसऱ्या घरी दिलं. दोन घरांमध्ये अंतर होतं नऊ मैल. अकरा वर्षांत तिने भावाला दोनदा पाहिलं, आणि दुसऱ्यांदा त्याने तिला ओळखलं नाही. हे ती कधी रडून सांगत नसे. पण तिच्या घरात कोंबडी बांधायची दोरी आणा असं जरी कुणी म्हटलं, तरी "बांधायची" हा शब्द ऐकून ती क्षणभर थांबत असे.

अठराव्या वर्षी करारात लिहिल्याप्रमाणे एक नवा झगा आणि एक बायबल घेऊन ती त्या घरातून सुटली. पुढच्या वसंतात तिने ऑरिन मॅडॉक्सशी लग्न केलं. ऑरिन अबोल माणूस होता. चारचौघांत मान खाली घालून बसायचा, जेवताना चमचा असा जपून धरायचा जसा काही तो दुसऱ्याचा आहे. पण गोठ्यात गेला की गडी वेगळाच! बैलांशी दिवसभर हळू आवाजात बोलायचा, आणि बैल ऐकायचे. वासरं तो स्वतः जुवाला लावून शिकवायचा, आणि तेव्हा गोठ्यात कुणी आलेलं त्याला चालत नसे.

ऑरिनची आई मेहिटाबेल त्यांच्याजवळ राहायची. जिभेला धार, आणि बायबल तोंडपाठ. तिला सून पसंत नव्हती, कारण सून बांधून दिलेली पोरगी होती. तसं ती रोज म्हणायची नाही, आठवड्यातून एकदाच म्हणायची.

इलिनॉयमध्ये दुसऱ्याची जमीन खंडाने कसण्यात दहा वर्षं गेली. लोव्हिना झाली, मग आसा झाला. आणि अठराशे बावन्नच्या जानेवारीत ऑरिनने शेगडीपाशी बसून ओरेगॉनची बातमी वाचून दाखवली. तिकडे जाऊन जमीन कसणाऱ्या जोडप्याला सरकार तीनशे वीस एकर देतं, निम्मी नवऱ्याच्या नावावर आणि निम्मी बायकोच्या.

"कुणाच्या?" थर्झाने विचारलं.

"बायकोच्या. तिच्या स्वतःच्या नावावर."

"परत वाच."

त्याने परत वाचलं. थर्झाने हातातलं विणकाम खाली ठेवलं आणि म्हणाली, "मग निघायचं."

"अगं, दोन हजार मैल आहे ते!" मेहिटाबेल कोपऱ्यातून कडाडली. "वाटेत माणसं मरतात!"

"इथेही मरतात, सासूबाई. आणि इथे मेल्यावर पोरं बांधून देतात."

एप्रिलमध्ये ते निघाले. तांडा बावीस गाड्यांचा, म्होरक्या कॅप्टन बुएल. बुएल म्हणजे शिस्तीचा माणूस, न्यायी, पण मनाने थोडा जाड. मॅडॉक्सांच्या गाडीला बैलांच्या दोन जोड्या होत्या. पुढची जोडी साधी, पण मागची, गाडीच्या दांडीला जुंपलेली, ती ऑरिनचा जीव की प्राण. उजव्या अंगाला सॅमसन, डाव्या अंगाला टॉबी.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बैलगाडी हाकणारा गाडीत बसत नाही, बैलांच्या बाजूने चालतो. आणि आमच्याकडे सगळा मुलूख बैलांच्या डाव्या बाजूने चालतो, चाबूक उजव्या हातात धरून. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे, की का म्हणून कुणी विचारत नाही. बावीस गाड्यांचे एकवीस हाकणारे डावीकडून चालत, आणि एकटा ऑरिन मॅडॉक्स उजवीकडून.

त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तोंड पश्चिमेला, त्यामुळे भर दुपारचं ऊन डावीकडून यायचं आणि गाडीची सावली उजवीकडे पडायची. तिकडून चालायचं म्हणजे चाबूक डाव्या हातात आलाच, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. हायरम टीग नावाचा एक मिसूरीचा शेतकरी तांड्यात होता, सडाफटिंग, आवाज नगाऱ्यासारखा. तो रोज मागून ओरडायचा, "ए मॅडॉक्स! आम्हाला उन्हात भाजतोस आणि स्वतः सावलीत! थोडी आम्हालाही ठेव रे, झिजेल सगळी!"

"शहाण्याने सावलीत चालावं, वेड्याने उन्हात," ऑरिन हसून म्हणायचा. पोरंही बापाच्या बाजूने सावलीत चालायची. तांड्यात त्याचं नावच पडलं, सावलीतला मॅडॉक्स. थर्झालाही त्याचं हसू यायचं. एवढा कष्टाळू माणूस आणि एवढ्याशा सावलीचा लोभ! असतो एकेकाला, असं म्हणून तिने सोडून दिलं.

जूनच्या मध्यावर, प्लॅट नदीच्या काठाने चालताना, ऑरिनला पटकी झाली. सकाळी पोटात दुखतं म्हणाला, आणि दिवस मावळायच्या आत संपला. लांडग्यांनी उकरू नये म्हणून तेव्हा माणसाला वाटेतच पुरत आणि सगळ्या गाड्या त्यावरून नेत. ऑरिनवरून बावीस गाड्या गेल्या. मॅडॉक्सांची सहावी होती. थर्झा त्या गाडीच्या मागे चालत गेली, आसाचा हात धरून, आणि तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच बसले असते, असं ती म्हणायची.

हाकायला कॅप्टनने टीगला दिलं. टीगची गाडी त्याच्या चुलत भावाबरोबर होती, तेव्हा तो मोकळा होता. मनाने वाईट नव्हता तो. "काळजी करू नका वहिनी," तो म्हणाला. "मिसूरीत बैल ओळखणारा माझ्यासारखा दुसरा नाही."

पण बैलांनी त्याला ओळखलं नाही. टीग डाव्या बाजूला उभा राहिला, चाबूक उडवला आणि ओरडला, तसे सॅमसन आणि टॉबी दोघेही उजवीकडे सरकले. "हॉ" म्हटलं की बैल डावीकडे वळतात, "जी" म्हटलं की उजवीकडे. टीग हॉ हॉ करून घसा कोरडा करी आणि गाडी उजवीकडेच जाई. पहिल्या दिवशी ती वाट सोडून वाळूत रुतली. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात गेली, दांडीला तडा गेला. बैल सारखे माना उजवीकडे वळवून पाहत, जसं काही तिथे कुणी असायला हवं होतं. टीगने चाबकाने त्यांच्या पाठी लाल केल्या.

"बैल बिघडलेत," टीगने जाहीर केलं. "मालकामागे झुरतात. असं होतं."

नाचता येईना अंगण वाकडं! पण खरं सांगायचं तर थर्झालाही ते पटलं. तीही झुरतच होती की. बैलांनी का झुरू नये?

चौथ्या दिवशी दुपारी तांडा पठाराच्या टोकावर थांबला. पुढे अ‍ॅश हॉलोचा उतार होता. असा उतार, की वरून पाहिलं तर खालच्या गाड्या दिसत, पण वाट दिसत नसे. चाकं साखळीने बांधून, मागे दोर लावून, दहा-बारा माणसांनी ओढून धरत एकेक गाडी उतरवायची. खाली नदीकाठी परतणाऱ्या लोकांचा एक छोटा तांडा थांबलाय, अशी बातमी आली होती. कुणाचा धीर खचलेला, कुणाची माणसं गेलेली, असे लोक माघारी निघालेले.

कॅप्टन बुएल टोपी हातात घेऊन आला. थर्झा शेण्यांवर कॉफी उकळत होती. तिकडे लाकूड नाही, रानगव्यांच्या वाळक्या शेण्यांवरच सगळा स्वयंपाक.

"मॅडॉक्सबाई, मी स्पष्ट बोलतो," बुएल म्हणाला. "ही गाडी उद्या उतरणार नाही. टीग नाही म्हणतो, आणि मी त्याला जबरदस्ती करणार नाही. उतारावर बैल उजवीकडे ओढायला लागले तर गाडी घळीत जाईल, आणि दोरावरची माणसंही तिच्याबरोबर. गाडी इथे सोडा. खालचे लोक तुम्हाला इलिनॉयपर्यंत नेतील."

"आणि इलिनॉयात मी काय करू?"

"कुठेतरी काम मिळेल की. धुणंभांडी, शिवण."

"आणि माझी पोरं?"

"काउंटी आहे ना!" बुएल धीर द्यायच्या सुरात म्हणाला. "चांगल्या घरांत देतील. मुलगी कामाची दिसते, तिला तर कुणीही घेईल."

त्याने हे मायेने म्हटलं, हेच वाईट. थर्झाने लोव्हिनाकडे पाहिलं. नऊ वर्षांची पोर ओच्यात शेण्या गोळा करून आणत होती. आसा तिच्या मागे मागे होता, पाच वर्षांचा. नऊ मैल, थर्झाच्या मनात आलं. त्यांच्यामध्ये नऊ मैल असतील, आणि तो तिला विसरेल.

"उद्या मी हाकते," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"बैल माझे आहेत ना? मग मी हाकते. उद्या पहिल्या गाडीच्या आधी मला या पठारावर एक फेरी मारू द्या. गाडी वाकडी गेली तर मी स्वतः पोरांचा हात धरून खाली उतरते आणि माघारी जाते. एक शब्द बोलणार नाही."

बुएलने थोडा विचार केला. "एक फेरी," तो म्हणाला. "आणि वाकडी गेली तर परत."

"कबूल."

बोलून तर बसली! उभ्या जन्मात तिने गाडी हाकली नव्हती. ती गाडीत चढून ऑरिनचे कातडी हातमोजे शोधायला लागली. पेटीच्या तळाशी सापडले. एक हातात चढवला आणि दुसरा चढवताना ती थांबली.

उजवा मोजा कोरा होता. दुकानातून आणला तसा, शिवणसुद्धा चकचकीत. डाव्याचा तळवा झिजून गेला होता आणि त्यावर ठिगळ होतं. ठिगळावर आणखी एक ठिगळ होतं. दोन्ही ठिगळं थर्झाने स्वतःच्या हाताने लावली होती, एक मार्चमध्ये, एक मेमध्ये! सुई टोचून बोटातून रक्त आलं होतं तेही तिला आठवलं. आणि तरी डोक्यात प्रकाश पडला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

वाटेवर सावलीसाठी हात बदलला म्हणावं, तर मार्चमध्ये, घरी असतानाच, डावा मोजा का झिजला?

ती मोजा हातात घेऊन सासूकडे गेली. मेहिटाबेल गाडीच्या सावलीत बसून मक्याचं पीठ चाळत होती.

"सासूबाई, ऑरिन डावरा होता का?"

"काही नाही!" म्हातारी एवढ्या झटकन म्हणाली, की चाळणच कलंडली. "माझा मुलगा उजव्या हाताने जेवायचा, उजव्या हाताने लिहायचा. कुणाला विचार! चर्चमध्ये कुणालाही विचार!"

"चर्चमध्ये माहीत आहे मला. गोठ्यात?"

पीठ सांडलं होतं ते मेहिटाबेल बोटांनी गोळा करायला लागली, मातीसकट.

"सासूबाई, उद्या माझी पोरं जातील. तुमची नातवंडं. मला खरं सांगा."

"बांधायचे मी," म्हातारी म्हणाली. "त्याचा डावा हात. खुर्चीच्या पाठीला बांधायचे, जेवताना, लिहिताना, सहा वर्षं. माझी आई म्हणायची, डावा हात सैतानाचा. मास्तर छडी मारायचा. पोरं हसायची. मग तो सुधारला. सगळे म्हणाले, मेहिटाबेल, छान सुधारलंस पोराला."

बांधायचे, हा शब्द थर्झाच्या छातीत रुतला.

"पण गोठ्यात तो डाव्या हातानेच करायचा सगळं," म्हातारी पुढे म्हणाली. "मी फटीतून पाहिलं होतं. बैल कशाला हसतायत? चाबूक डाव्या हातात, म्हणून स्वतः उजवीकडे उभा. वासरांना त्याने तिकडूनच शिकवलं. मी काही बोलले नाही. आणि इथे तांड्यात सगळ्यांना सांगत सुटला, सावलीसाठी चालतो म्हणून. लोक हसले तर आळशी म्हणून हसू देत, पण आईला खाली बघावं लागू नये!" आणि मग ती म्हातारी, जिला नवऱ्याच्या आणि मुलाच्या मातीलाही कुणी रडताना पाहिलं नव्हतं, ती ओंजळीत तोंड घालून हमसून हमसून रडली.

थर्झाने एकदाच तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी तिला सासूचा राग आला होता, खूप आला होता. ऑरिनच्या वतीने आला होता. पण वेळ नव्हता.

"पुरे, सासूबाई," ती म्हणाली. "उरलेलं ओरेगॉनला जाऊन रडू. आधी सांगा, बैलांशी तो बोलायचा कसा?"

"हळू," मेहिटाबेल नाक पुसत म्हणाली. "ओरडायचा नाही कधी. आणि सॅमसनच्या मानेवर हात ठेवून मग सांगायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा तांडा गोळा झाला. फुकटचा तमाशा कोण सोडतो? थर्झाने बैल जुंपले, ठिगळाचा मोजा डाव्या हातात चढवला, चाबूक त्याच हातात घेतला आणि सॅमसनच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. एकच हशा पिकला.

"वहिनी!" टीग ओरडला. "चुकीच्या बाजूला आहात! इकडे या, इकडे!"

"मी बरोबर आहे, भाऊजी."

"सावली बघताय काय नवऱ्यासारखी?"

"हो," थर्झा म्हणाली. "आमच्या घराण्याला सवय आहे."

सकाळची वेळ होती, ऊन पाठीमागून येत होतं, आणि सावली कुठल्याच बाजूला नव्हती. हे टीगच्या लक्षात आलं असावं, कारण तो जमिनीवर सावली शोधायला लागला.

तिने सॅमसनच्या मानेवर हात ठेवला. बैलाने मान वळवली, या वेळी त्याला तिथे माणूस दिसलं. तिने हळूच, ऑरिन म्हणायचा तसं, "चला रे," म्हटलं. गाडी निघाली. सरळ निघाली! पठारावर तिने एक गोल फेरी मारली, "हॉ" म्हटलं तर हॉ, "जी" म्हटलं तर जी. पुन्हा जागेवर आणून "वो" म्हणाली आणि चारही बैल थांबले.

कुणी हसलं नाही. बुएलने टोपी मागे सरकवली. "उतार वेगळा असतो, बाई," तो म्हणाला.

"मग उतारावर चला."

पुढची जोडी सोडली. मागची दोन्ही चाकं साखळीने जखडली. मागे दोर बांधला, त्याला बारा माणसं लागली, टीग सगळ्यात पुढे. मेहिटाबेल दोन्ही नातवंडांना दोन हातांनी धरून कडेला उभी होती आणि स्तोत्र म्हणत होती, इतक्या मोठ्याने की देवाला दम लागला असेल.

अर्ध्या उतारापर्यंत ठीक गेलं. मग एक चाक दगडावरून सटकलं आणि गाडीचा मागचा भाग उजवीकडे, घळीकडे घसरायला लागला. थर्झा त्याच बाजूला होती. गाडी घळीत गेली असती तर आधी तिच्यावरून गेली असती. दोरावरून टीग ओरडला, "सोडा वहिनी! उडी मारा! सोडा!"

सुटून जावं असं तिला वाटलं. हेही तिने कधी लपवलं नाही. पण वर दोन पोरं उभी होती, आणि उडी मारली तर ती एकमेकांपासून नऊ मैलांवर जाणार होती. तिने चाबूक टाकून दिला, खांदा सॅमसनच्या खांद्याला लावला आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "हॉ, बाळा. हॉ. हॉ." ओरडून नाही. बैल तिच्यापासून दूर, डावीकडे दबले. सॅमसनने गुडघे टेकले, पुन्हा उठला. टॉबीने जू खेचून धरलं. गाडी कुरकुरली, अडली आणि एकेक वीत वाटेवर आली.

खाली पोचल्यावर ती चाकाला धरून उभी राहिली. टीग धापा टाकत आला. त्याचे तळहात दोराने सोलून निघाले होते. बुएलने त्याला विचारलं, "काय म्हणतोस? बैल बिघडलेले आहेत का?"

टीगने आधी सॅमसनकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीवरच्या स्वतःच्या चाबकाच्या वळांकडे. उचलली जीभ लावली टाळ्याला असा तो माणूस, पण खरं बोलायची त्याच्यात हिंमत होती. "बैल चांगले आहेत," तो म्हणाला. "मी चुकीच्या बाजूला होतो."

"आणि आता ओरेगॉनपर्यंत रोज तुम्हीच हाकणार?" बुएलने थर्झाला विचारलं.

"मग काय तुम्ही येणार?"

परतणाऱ्यांचा तांडा नदीकाठी होता. त्याच्या बाजूने मॅडॉक्सांची गाडी पुढे निघून गेली.

पुढचे चार महिने सोपे नव्हते. कोरड्या हवेत चाकं आटून त्यांच्या लोखंडी धावा निसटायच्या, तेव्हा ती चाकं रोज ओढ्यात भिजत घालायची. स्नेक नदीच्या वाटेवर सॅमसन गेला. खारट पाण्याने गेला. त्या दिवशी थर्झा रडली, ऑरिनच्या वेळी राहिलेलंही रडून घेतलं, आणि मग टॉबीच्या जोडीला तांड्यातली एक दुभती गाय जुंपून निघाली. ऑक्टोबरच्या शेवटी ते विलामेटच्या खोऱ्यात उतरले. विधवेला जमीन मिळते की नाही हे तेव्हा कुणाला नक्की सांगता येईना. थर्झाने विचारत बसण्यापेक्षा नांगर धरला. विधवांची सोय कायद्यात पुढच्या वर्षी झाली, म्हणजे कायदा तिच्या मागून आला.

चार वर्षं जमिनीवर राहून ती कसून दाखवायची, मग दोन साक्षीदारांनी शपथेवर तसं सांगायचं, की कागद मिळायचा. चार वर्षं झाली, आणि थर्झा जमिनीच्या कचेरीत गेली. एक साक्षीदार हायरम टीग, शेजारच्या खोऱ्यातून बारा मैल आलेला. दुसरी साक्षीदार मेहिटाबेल, सत्तरी ओलांडलेली, नवी टोपी घातलेली. घरचा साक्षीदार चालेल का म्हणून कारकून जरा कुरकुरला, पण म्हातारीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो मुद्दा सोडला.

"उजवा हात वर करा, आजी," तो म्हणाला.

मेहिटाबेलने डावा हात वर केला.

"आजी, दुसरा."

"हाच."

"शपथ उजव्या हाताने घेतात."

"मला शिकवतोस? बायबल मला तुझ्या बापाच्या आधीपासून पाठ आहे," मेहिटाबेल म्हणाली. "माझ्या मुलाचा हा हात मी सहा वर्षं बांधून ठेवला. त्याच हाताने आम्हाला या जमिनीपर्यंत आणलं. शपथ घेईन तर याच हाताने घेईन, नाहीतर लिही, म्हातारी बहिरी आहे, 'उजवा' ऐकू आलं नाही तिला."

कारकुनाने मदतीसाठी टीगकडे पाहिलं. टीगने मुकाट्याने आपला डावा हात वर केला. कारकुनाने दौतीत टाक बुडवला आणि लिहायला लागला.

थर्झाने म्हातारीच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

बाहेर गाडीत लोव्हिना आणि आसा वाट पाहत बसले होते. एक तेरा वर्षांची आणि एक नऊ वर्षांचा, एकाच फळीवर, सफरचंदावरून भांडत. थर्झाने कागद झग्याच्या आत ठेवला, म्हातारीला वर चढवलं आणि टॉबीच्या जोडीपाशी गेली. जोडीदार नवा होता, तिने स्वतः शिकवलेला. घरची वाट दक्षिणेची, आणि कलत्या दुपारचं ऊन उजवीकडून भाजत होतं.

"आई, या बाजूने चाल ना," लोव्हिना वरून म्हणाली. "सावली इकडे आहे."

"मी सावलीसाठी नाही चालत गं," थर्झा म्हणाली, आणि उजव्या बाजूला जाऊन तिने बैलाच्या मानेवर हात ठेवला.